यादीबाहेरची जिजाई

३ मे ही तारीख मराठी माणूस दादासाहेब फाळक्यांच्या नावाने ओळखतो. १९१३ साली याच दिवशी गिरगावातल्या कोरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसाठी लागला. फारसे कुणाच्या लक्षात नसते, पण त्यानंतर बेचाळीस वर्षांनी, १९५५ च्या ३ मे रोजीच, न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये ‘पथेर पांचाली’ पहिल्यांदा प्रेक्षकांसमोर आला. खुद्द कोलकात्यात तो लागायला ऑगस्ट उजाडला.

दोन्ही चित्रपटांमागची घरे सारखीच ओढगस्तीची होती. फाळक्यांनी विम्याच्या पॉलिस्या गहाण टाकून लंडन गाठले होते, ‘पथेर पांचाली’साठी सत्यजित राय यांनीही विम्यावर कर्ज काढले होते. दोन्ही घरांतल्या बायकांनी अंगावरचे दागिने काढून दिले. सरस्वतीबाई फाळके तर त्याहून पुढे गेल्या. साऱ्या मंडळींचा स्वयंपाक त्या करत आणि रात्री अंधारात अंदाज घेत कोऱ्या फिल्मच्या कडेला छिद्रे पाडत. आज ज्या उद्योगाच्या यशाचे आकडे आपण मोठ्या अभिमानाने छापतो, त्याची पहिली पट्टी एका गृहिणीच्या हातांनी तयार झाली आहे. हे आज सांगायचे कारण पुढे येईल.

जगातले सर्वश्रेष्ठ चित्रपट कोणते, हा वाद दर दहा वर्षांनी नव्याने पेटतो. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटचे ‘साइट अँड साउंड’ हे मासिक १९५२ पासून दशकातून एकदा समीक्षकांना विचारते : तुमच्या मते आजवरचे सर्वोत्तम दहा चित्रपट कोणते? प्रत्येकाने दहा नावे द्यायची, त्यात क्रम नाही, प्रत्येक नावाला एक मत. त्या मतांची बेरीज म्हणजे यादी. यापलीकडे त्यात काही गूढ नाही. पहिल्या वेळी साठेक समीक्षकांनी उत्तरे पाठवली, २०१२ मध्ये ८४६ जणांनी आणि २०२२ मध्ये सोळाशेंहून अधिक जणांनी. या शेवटच्या यादीतल्या पहिल्या शंभरात एकच भारतीय चित्रपट आहे, तो म्हणजे ‘पथेर पांचाली’. त्याचा क्रमांक ३५ वा. फाळक्यांच्या कुळातला, म्हणजे मराठी मुलखात मराठी माणसांनी घडवलेला एकही चित्रपट त्या शंभरात नाही.

अशा यादीत काय आहे, असे म्हणून ती बाजूला सारणारे बरेच असतात. आवड ज्याची त्याची, कलेला काय धावण्याच्या शर्यतीसारखे पहिले-दुसरे नंबर लावायचे, असा त्यांचा सूर असतो. या म्हणण्यातला खरेपणा आम्हाला मान्य आहे, तरीही आम्ही या वादाच्या बाजूने उभे आहोत. कारण या यादीचा सत्तर वर्षांचा प्रवास नीट पाहिला की कळते, ती नुसत्या आवडीची मोजदाद नाही. कोणता चित्रपट कुणाला पाहायला मिळाला, कोणता जगला आणि कोणता मेला, याचाही तो हिशेब आहे.

ज्याँ रेन्वार यांच्या ‘रूल्स ऑफ द गेम’चे उदाहरण घ्या. १९३९ च्या जुलैत तो पॅरिसला लागला तेव्हा प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. युद्ध तोंडावर आले असताना आपल्याच वरच्या वर्गाचा पोकळपणा पडद्यावर पाहणे त्यांना सोसले नाही. रेन्वार यांनी घाबरून काटछाट केली, ती पुरली नाही. काही आठवड्यांतच सरकारने लोकांचे मनोबल खचवणारा म्हणून चित्रपटावर बंदी घातली. पुढे बॉम्बवर्षावात मूळ निगेटिव्हही नष्ट झाली. इथे ही गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण युद्धानंतर काही चित्रपटवेड्यांनी गोदामांतून डबे शोधले, तुकड्याला तुकडा जुळवला आणि १९५९ मध्ये, रेन्वार यांच्या हयातीत, चित्रपट पुन्हा उभा केला. त्यानंतर अनेक दशके तो या यादीत दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकावर ठाण मांडून होता. त्याची श्रेष्ठता १९३९ मध्येही तेवढीच होती. फरक पडला तो डबे शोधणाऱ्यांमुळे.

ऑर्सन वेल्स यांचा ‘सिटिझन केन’ १९४१ मध्ये आला तेव्हा एका वृत्तपत्रसम्राटाने त्याची पुरती कोंडी केली. १९५२ च्या पहिल्या दहांत त्याचे नावही नव्हते. १९६२ पासून २००२ पर्यंत मात्र सलग पाच वेळा तोच पहिला. हिचकॉक यांचा ‘व्हर्टिगो’ हक्कांच्या कारणाने कित्येक वर्षे थिएटरांबाहेर राहिला आणि त्यांच्या मृत्यूनंतर, १९८० च्या दशकात परतला. २०१२ मध्ये त्याने ‘केन’ला खाली उतरवले. यासुजिरो ओझूंचा ‘टोकियो स्टोरी’ १९५३ चा. परदेशी माणसाला हे कळायचे नाही, हे फारच जपानी आहे, अशा समजुतीने तो पश्चिमेकडे लवकर पाठवलाच गेला नाही. आई-वडील मुलांकडे शहरात येतात आणि मुलांना त्यांच्यासाठी वेळ नसतो, एवढीच त्याची गोष्ट. आपल्याकडे ती कोणत्याही चाळीत कळली असती. आज तो चौथा आहे.

म्हणजे श्रेष्ठ ठरण्याआधी चित्रपटाला एक साधी, कठोर अट पुरी करावी लागते : तो टिकला पाहिजे आणि लोकांपुढे आला पाहिजे. पुस्तकाची एक प्रत कुणाच्या तरी कपाटात पडून राहिली तरी शंभर वर्षांनी वाचता येते. फिल्म हे फार नाजूक प्रकरण आहे. जुनी नायट्रेट फिल्म आपोआप पेट घेते, आंबते, डब्यातल्या डब्यात तिची भुकटी होते. आपल्याकडे तर त्यातली चांदी काढून घेण्यासाठी मूक चित्रपटांची रिळांची रिळे विकली गेली. भारतात हजाराहून अधिक मूकपट बनले, त्यांतले पूर्ण स्वरूपात हाताला लागणारे फार थोडे. ‘आलम आरा’ हा पहिला बोलपट गेला. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांचा १९२५ चा ‘सावकारी पाश’ गेला. कर्जापायी जमीन गमावून शहराकडे निघालेला शेतकरी त्यात होता आणि ती भूमिका तरुण व्ही. शांताराम यांनी केली होती. वास्तववादी चित्रपटाचा जगाचा इतिहास लिहिताना इटलीचे नाव पहिल्यांदा घेतले जाते. त्या इतिहासात कोल्हापूरचे पान जोडायचे तर आपल्याकडे दाखवायला काय आहे? काही छायाचित्रे आणि जुन्या माणसांच्या लिहून ठेवलेल्या आठवणी. मतपत्रिकेवर आठवण लिहिता येत नाही.

आता २०२२ च्या वादाकडे येऊ. त्या वर्षी यादीच्या शिरोभागी आलेल्या नावाने जगभर खळबळ उडाली. बेल्जियमच्या शांताल अकरमान यांचा १९७५ चा ‘जान दिएलमान’, आणि नायिकेचा ब्रुसेल्समधला पूर्ण पत्ता हेच त्याचे उरलेले शीर्षक. तीन तास एकवीस मिनिटांचा चित्रपट. एक विधवा गृहिणी, तिचा शाळकरी मुलगा आणि तीन दिवस. ती बटाटे सोलते, भांडी घासते, अंथरूण घालते, दिवे विझवते. दुपारी घरी येणाऱ्या पुरुषांकडून पैसे घेऊन ती संसार चालवते, तेही त्याच शिस्तीत, बटाटे शिजत असताना. दुसऱ्या दिवशी बटाटे करपतात. एवढ्याशा गोष्टीने बाईचे सगळे वेळापत्रक हलते आणि पाहणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. अकरमान तेव्हा पंचविशीच्या होत्या, चित्रीकरणाच्या चमूत बहुतेक बायका होत्या. बाईने दिग्दर्शित केलेला चित्रपट या यादीत पहिला येण्याची ती पहिलीच वेळ. २०१२ मध्ये हाच चित्रपट ३६ वा होता.

छत्तीसवरून एकदम पहिला? अनेकांना ही झेप पचली नाही. ‘टॅक्सी ड्रायव्हर’चे पटकथाकार पॉल श्रेडर यांच्यासारख्या जाणत्या माणसाने जाहीर हरकत घेतली. मतदार वाढवून, नव्या काळाच्या राजकारणाला झुकून निकाल घडवला गेला, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. त्यांना या चित्रपटाबद्दल आदर होता. त्यांचा आक्षेप पद्धतीला होता, म्हणून तो गंभीरपणे घ्यायला हवा.

आम्हाला तो पटत नाही. पूर्वीच्या मतदारांमागे राजकारण नव्हते, हे गृहीतच चूक आहे. साठेक जण, बहुतेक युरोप-अमेरिकेतले, बहुतेक पुरुष, त्यांना जे पाहायला मिळाले त्यातून निवडत होते. त्या निवडीला आपण निखळ रसिकता म्हणत आलो, इतकेच. १९९२ मध्ये ‘पथेर पांचाली’ सहावा होता. त्या वर्षी मार्चमध्ये राय यांना ऑस्कर मिळाले आणि एप्रिलमध्ये ते गेले. त्या निरोपाचा ओलावा काही मतांमध्ये उतरला नसेल, असे छातीठोकपणे कोण म्हणेल? मते माणसे देतात आणि माणसे आपापल्या काळात उभी असतात. मतदार वाढले तेव्हा आजवर कुणी न विचारलेली माणसे बोलली आणि त्यांना एका बाईचे स्वयंपाकघर हा सिनेमाचा सर्वांत मोठा प्रसंग वाटला. आमच्या मते त्यांना तसे वाटणे रास्तच होते. कॅमेऱ्याने सूर्यास्त, लढाया, चुंबने सगळे टिपले होते. पण घरातले काम, जे जगातली निम्मी माणसे आयुष्यभर करतात, ते त्याच्या खऱ्या वेळात, घाई न करता, कापाकापी न करता पाहण्याचे धाडस फार थोड्यांनी केले होते. अकरमान यांनी ते केले आणि त्यातून गळा आवळणारा ताण उभा केला. पहिल्या क्रमांकाबद्दल वाद होऊ शकतो. पहिल्या दहांतल्या या चित्रपटाच्या हक्काबद्दल आम्हाला शंका नाही.

आणि इथेच आम्हाला जिजाई आठवते.

‘संत तुकाराम’ १९३६ चा. प्रभात फिल्म कंपनी, पुणे. दिग्दर्शक विष्णुपंत दामले आणि साहेबमामा फत्तेलाल, पटकथा शिवराम वाशीकरांची, संगीत केशवराव भोळ्यांचे. तुकारामांच्या भूमिकेत विष्णुपंत पागनीस, जे रंगभूमीवर स्त्रीभूमिका करत आले होते. मुंबईत एकाच थिएटरात हा चित्रपट वर्षाहून अधिक काळ चालला आणि १९३७ च्या व्हेनिस महोत्सवात गौरवला गेला. ज्या वर्षांत युरोपीय समीक्षकांना भारतात सिनेमा बनतो हेच धड ठाऊक नव्हते, त्या वर्षांतली ही गोष्ट. यातले एक गीत शांताराम आठवल्यांनी असे लिहिले की लोक ते तुकोबांच्याच गाथेतले समजून चालले. आजही कीर्तनात ते अभंग म्हणून ऐकू येते. एखादा चित्रपट परंपरेवर बेतलेला असतो, हे ठीक. परंपरेने चित्रपटातली ओळ आपली म्हणून सामावून घ्यावी, असे जगात कितीदा घडले असेल?

पण या चित्रपटाचा गाभा म्हणजे तुकारामांची बायको. जिजाई झालेल्या गौरी या प्रभातमध्ये साध्या कामकरी म्हणून आल्या होत्या. त्यांच्या अंगात नाटकी हातवारे नव्हते, होती ती घरकामाची सवय. त्या वाकतात, उचलतात, थापतात, हाका मारतात, म्हशीवर जीव लावतात आणि नवऱ्यावर डाफरतात, ते सगळे अशा सहजतेने की आज नव्वद वर्षांनीही त्यात जुनेपणा शोधून सापडत नाही. नवरा विठ्ठलाच्या नावात बुडालेला, पोरे उपाशी, घरात दाणा नाही. पोर आजारी पडते तेव्हा ही बाई हातात वहाण घेऊन थेट देवळात जाते, देवाला जाब विचारायला. भक्तिपटात देवावर वहाण उगारणारी बाई! आणि चित्रपट तिला पापी ठरवत नाही. तिच्या रागाला तो भक्तीइतकाच मान देतो. शेवटी वैकुंठाचे विमान येते, तुकाराम तिला सोबत बोलावतात, पण तिचा जीव संसारात, लेकरांच्या जेवणात अडकलेला. विमान वर जाते, ती खाली राहते. स्वर्ग खरा मानणाऱ्या या चित्रपटाला चूलही तितकीच खरी वाटते. दोन्हींत निवड करण्याची सक्ती तो प्रेक्षकावर करत नाही. कलासमीक्षक गीता कपूर यांनी या चित्रपटावर गंभीर, विस्ताराने लिहिले आहे. अभ्यासकांना त्याचे मोल ठाऊक आहे. ठाऊक नाही ते मत देणाऱ्या बहुसंख्यांना, आणि खेदाची गोष्ट म्हणजे आपल्या पंचविशीतल्या मुलामुलींनाही.

जिजाई आणि जान यांच्यात जवळजवळ चाळीस वर्षे आहेत आणि दोन खंडांचे अंतर आहे. एक भरभरून बोलते, दुसरी बोलतच नाही. एकीच्या घरात देव येतो-जातो, दुसरीच्या घरात गिऱ्हाईक. तरी दोघींच्या दिग्दर्शकांनी एकच गोष्ट ओळखली होती : हातांचे काम बघत राहिले तर माणूस कळतो. अकरमान यांनी ती जाणीवपूर्वक, तत्त्वाने उचलली. दामले-फत्तेलाल यांनी आपल्या आया-बहिणींकडे नीट पाहिलेले असल्यामुळे उचलली. श्रेष्ठ चित्रपटांच्या कोणत्याही शंभरात ‘संत तुकाराम’ असायला हवा, हे आमचे मत आहे आणि ते मराठी अभिमानातून आलेले नाही. अभिमानाचाच प्रश्न असता तर आम्ही पुरस्कारांची जंत्री दिली असती : राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळवणारी आचार्य अत्र्यांची ‘श्यामची आई’, त्यानंतर तब्बल पन्नास वर्षांनी ‘श्वास’, मग ‘देऊळ’, ‘कोर्ट’, ‘कासव’. ते सगळे आनंदाचे आहे. पण पुरस्कार ही त्या वर्षापुरती पावती असते. शंभर वर्षांच्या पंक्तीत बसायचे तर चित्रपटाने माणसाकडे पाहण्याची काही नवी रीत दिलेली असावी लागते. ती जिजाईत आहे. १९३७ च्या ‘कुंकू’मध्ये म्हाताऱ्या नवऱ्याला नाकारणाऱ्या शांता आपट्यांच्या नीरेत ती आहे. ‘फँड्री’च्या शेवटी जब्याने प्रेक्षकांच्या दिशेने भिरकावलेल्या दगडात आहे.

आपल्या घरचा अनुभव काय सांगतो? २०२२ च्याच ऑक्टोबरमध्ये आंतरराष्ट्रीय समीक्षक संघटनेच्या भारतीय शाखेने देशातले सर्वोत्तम दहा चित्रपट निवडले. तीस समीक्षकांनी मते दिली. पहिला ‘पथेर पांचाली’, दुसरा ऋत्विक घटकांचा ‘मेघे ढाका तारा’, पुढे मृणाल सेन, अदूर, कासरवल्ली, एम. एस. सथ्यू, बेनेगल, गुरुदत्त अशी थोर नावे आणि दहावा ‘शोले’. बंगाली आहे, हिंदी आहे, मल्याळम आणि कन्नडही आहे. मराठी नाही. इथे परक्यांनी डावलले अशी तक्रार करायला जागा नाही, कारण निवडणारे आपलेच होते. मराठीच्या खात्यावर ‘सामना’, ‘सिंहासन’, ‘उंबरठा’ असे चित्रपट जमा असतानाही असे का व्हावे?

एक कारण असे की बंगालने आपल्या चित्रपटांभोवती बोलणारी, लिहिणारी, भांडणारी माणसे उभी केली. केरळातही फिल्म सोसायट्या गावोगाव पोचल्या. आपल्याकडे प्रभात चित्र मंडळाने १९६८ पासून मुंबईत आणि आशय फिल्म क्लबने पुण्यात निष्ठेने काम केले, पण तालुक्याच्या गावापर्यंत ती वाट रुंद झाली नाही. दुसरे कारण आम्हाला अधिक सलते. मराठी चित्रपटाबद्दल बोलताना आपणच दोन वेगळ्या पंगती मांडल्या. एकीत समांतर आणि गंभीर, दुसरीत तमाशापट आणि विनोदी. अनंत माने यांचा १९५९ चा ‘सांगत्ये ऐका’ पुण्यात एका थिएटरात सुमारे अडीच वर्षे चालला. हंसा वाडकर, जयश्री गडकर, वसंत पवारांचे संगीत आणि गावच्या पाटलाच्या अत्याचाराची ती सूडकथा, हे सगळे बैलगाड्या जुंपून लोक पाहायला आले. हा चित्रपट लोकप्रिय म्हणून कमअस्सल, असे धरून आपण त्याच्या चित्रभाषेचा अभ्यासच केला नाही. लोकप्रियता हे श्रेष्ठतेचे प्रमाणपत्र नाही, हे खरे. पण इतक्या माणसांना इतकी वर्षे धरून ठेवणाऱ्या गोष्टीत काय होते, हे न तपासताच तिला यादीबाहेर ठेवणे हा आळस आहे आणि त्याचे पाप समीक्षकांच्या माथी आहे.

चित्रपट पुढे कसा जातो, याची गोष्ट मात्र उमेद देणारी आहे. १९५२ च्या पहिल्या यादीत पहिला आला इटलीचा ‘बायसिकल थीव्ज’, तेव्हा जेमतेम चार वर्षांचा. त्याआधी १९५० मध्ये जाहिरात कंपनीत नोकरी करणाऱ्या सत्यजित राय यांनी तो लंडनमध्ये पाहिला होता आणि खरी जागा, नवखी माणसे, थोडका पैसा घेऊनही चित्रपट होतो, ही खात्री बरोबर घेऊन ते परतले. १९५२ च्या जानेवारीत मुंबईत पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरला, तोच महोत्सव २००४ पासून पणजीत मुक्कामाला आहे. तिथे हा चित्रपट दाखवला गेला, बिमल रॉय यांनी तो पाहिला आणि पुढच्या वर्षी ‘दो बीघा जमीन’ आला. सायकल हरवलेल्या रोमच्या एका बापाने कोलकात्याच्या रस्त्यावर रिक्षा ओढणारा शंभू घडवला. आणि ‘पथेर पांचाली’ न्यूयॉर्कला पोचला तो तरी कसा? तिथल्या संग्रहालयाचे मन्रो व्हीलर कोलकात्यात आले, अर्धवट चित्रपटाची छायाचित्रे पाहून थबकले. नंतर जॉन ह्यूस्टन आले, त्यांनी कच्चे तुकडे पाहून चांगला शब्द टाकला. कुणीतरी पाहिले आणि दुसऱ्याला सांगितले. यादी म्हणजे हे सांगणेच, फक्त मोठ्या आवाजात.

त्याच ‘पथेर पांचाली’च्या निगेटिव्हला १९९३ मध्ये लंडनच्या एका प्रयोगशाळेतल्या आगीची झळ बसली. ‘पथेर पांचाली’ आणि त्याचे पुढचे दोन भाग मिळून होणाऱ्या अपू त्रयीचे ते डबे कुणी फेकून दिले नाहीत. जळलेले, वाकलेले, ठिसूळ झालेले तुकडे अमेरिकेत जपून ठेवले गेले. वीस वर्षांनी इटलीतल्या बोलोन्यात त्यांना ओलावा देऊन, चौकटीमागून चौकट हाताने दुरुस्त करून, जिथे उपायच नव्हता तिथे दुसऱ्या प्रतींतून भर घालून, २०१५ मध्ये तिन्ही चित्रपट नव्या तेजाने पडद्यावर आले. २०१२ च्या यादीत ‘पथेर पांचाली’ ४२ वा होता, २०२२ मध्ये ३५ वा झाला. मधल्या या दुरुस्तीचा त्या चढणीशी संबंध नसावा, असे आम्हाला वाटत नाही.

पुण्यातही आग लागली होती. २००३ च्या जानेवारीत, जुन्या प्रभातच्या आवारात, नायट्रेट फिल्म ठेवलेल्या कोठारात. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या मूळ रिळांचा मोठा साठा त्यात भस्मसात झाला. काहींच्या प्रती आधीच काढलेल्या होत्या, पण प्रत ती प्रत. या संग्रहालयासाठी पी. के. नायर यांनी आयुष्य वेचले. फाळक्यांच्या घरच्यांकडून त्यांनी रिळे मिळवली, म्हणून ‘कालिया मर्दन’मधली फाळक्यांची छोटी मंदाकिनी आज आपल्याला हसताना दिसते. नायर आणि प्राध्यापक सतीश बहादूर यांनी आणखी एक काम केले, ज्याची आठवण आजच्या दिवशी व्हायला हवी. कर्नाटकातल्या हेग्गोडू गावी, सुपारीच्या बागांमधल्या माणसांसमोर, त्यांनी १६ मिलिमीटरच्या प्रोजेक्टरवर ‘बायसिकल थीव्ज’ आणि ‘पथेर पांचाली’ दाखवले. लोकांनी ते समजून पाहिले, त्यावर बोलले. अभिजात चित्रपट सामान्यांना कळत नाही, ही समजूत तिथे टिकली नाही.

पुढची यादी २०३२ मध्ये येईल. तोवर काय व्हायला हवे, ते अवघड नाही. ‘संत तुकाराम’, ‘कुंकू’, ‘माणूस’ यांच्या स्वच्छ, नीट दुरुस्त केलेल्या प्रती केवळ संग्रहालयाच्या कपाटात न राहता थिएटरात लागाव्यात. त्यांना इंग्रजी, फ्रेंच, स्पॅनिश, जपानी उपशीर्षके असावीत आणि ती भाषांतरे अभंगाची जाण असलेल्यांनी केलेली असावीत. राज्य सरकार चित्रपटांना अनुदान देते, त्यातला ठरावीक वाटा जुन्या चित्रपटांच्या जतनासाठी कायमचा बाजूला काढावा. पणजीच्या महोत्सवात आणि पुण्याच्या महोत्सवात दरवर्षी एक जुना मराठी चित्रपट परदेशी समीक्षकांना आवर्जून, जवळ बसवून दाखवावा. आणि आपल्या महाविद्यालयांनी, ग्रंथालयांनी, गणेशोत्सव मंडळांनी आपापल्या दहांची यादी करावी, भिंतीवर लावावी, त्यावर भांडावे. एकच अट असावी : न पाहिलेल्या चित्रपटाला मत देता येणार नाही आणि न पाहिलेल्या चित्रपटाला नावही ठेवता येणार नाही.

सुरुवात या आठवड्यातच करता येईल. कुठल्याही गावात एक पडदा लावावा. पहिल्या रात्री ‘संत तुकाराम’ दाखवावा. दुसऱ्या रात्री, सवड काढून, ‘जान दिएलमान’. तीन तास एकवीस मिनिटे बायका उठून जातील, असे आयोजकांना वाटेल. आम्हाला तसे वाटत नाही. बटाटे करपलेले पाहून ती पातेले हातात घेऊन या खोलीतून त्या खोलीत फिरते, काय करावे तिला सुचत नाही. त्या वेळी तिथे बसलेल्या बायका आपसांत काय बोलतील, ते ऐकायला आम्ही यायला तयार आहोत.